गळ्यातलं फुलपाखरू

मैत्रिणींनो, महिला मंडळात आरोग्यावर बोलताना मी आधी सगळ्यांना गळ्यावर हात ठेवायला सांगते. तिथे श्वासनलिकेसमोर थायरॉइड ग्रंथी असते. फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम 20 ग्रॅमची. आहारातलं आयोडीन वापरून ती संप्रेरकं बनवते. ती मंदावली की थकवा, वजनवाढ, पाळीच्या तक्रारी. आपण मात्र म्हणतो, "वय झालं!"

तिच्या मागे चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. कमी पडलं तर हाडांतून काढतात. म्हणून थायरॉइडच्या ऑपरेशननंतर बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि हो, टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी मनानं बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो!