परमुलखातली मोटरसायकल

दुर्ग स्टेशनच्या पार्सल कार्यालयासमोर कधी कधी गोणपाटात आणि सुतळीत आवळलेली मोटरसायकल उतरवलेली दिसते. हेडलाइटवर पुठ्ठा, आरशांच्या जागी नुसते स्क्रू आणि टाकीवर रंगाने लिहिलेली दोन स्टेशनांची नावं. शेजारी नव्याने बदलून आलेला गृहस्थ कागदांची पिशवी काखेत धरून उभा असतो. सुतळी कापून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, की रेल्वेच्या नियमानुसार टाकीतलं पेट्रोल चढवतानाच काढून टाकलेलं आहे आणि भिलाई-३ तर अजून बरंच लांब आहे! मग पाचेक मण वजनाची... छे, मणाचा हिशेब आता कुणाला कळणार? सरळ सांगायचं तर दोनशे किलोच्या आसपासची ती साडेतीनशे सी.सी.ची गाडी ढकलत पंपापर्यंत न्यायची. नव्या गावाशी होणारी ही पहिली ओळख.

नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या माणसाला भिलाई तसं परकं वाटू नये. १७४१ पासून १८५४ पर्यंत छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर करार होऊन पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हा तर देशातल्या सगळ्याच प्रांतांतले लोक आणि त्यांच्याबरोबर रशियन इंजिनिअरही इथे राहायला आले. भिलाई-३ आणि चरोद्याचं जग मात्र मुख्यतः रेल्वेचं. यार्ड, इंजिनांचं शेड, रेल्वेच्या वसाहती. २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर नागपूर आणि रायपूर हे दोन्ही विभाग बिलासपूरच्या एकाच मुख्यालयाखाली आले. त्यामुळे बदल्या होतच राहतात. माणूस येतो, भांडीकुंडी येतात, मुलांच्या शाळा ठरतात. मोटरसायकलही येते, पण तिची नंबरप्लेट महाराष्ट्राचीच राहते आणि पुढच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

बारा महिन्यांची मुदत

परराज्यात राहायला गेल्याबरोबर गाडीचा नंबर बदलावा लागतो, हा एक मोठाच गैरसमज आहे. चौकात एखादा पोलीस तसं दरडावून सांगतो आणि घाबरलेला माणूस दलालाच्या हाती पैसे ठेवतो. वास्तविक मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी सगळ्या देशात चालते. कलम ४७ एवढंच सांगतं, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यायला हवा. तोपर्यंत महाराष्ट्राचा नंबर लावून ग्रेट ईस्टर्न रोडने रोज ये-जा केली, तरी तो काही गुन्हा नाही. वाहन चालवण्याचा परवाना तर देशभर चालतोच.

मात्र गाडी केव्हा आली हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावरच येते. म्हणून पार्सलची पावती, बदलीचा हुकूम, घरभाड्याचा करार यांच्या प्रती गाडीच्या कागदांबरोबरच ठेवाव्यात. ही पावती बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाते.

वर्षापेक्षा जास्त मुक्काम होणार असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना क्रमांक २८. थकलेला दंड, थकलेला कर यातलं काही बाकी असेल, तर काम अडतं. कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बँकेची संमती हवी. चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसाही लागतो. हा ठसा गाडी रवाना करण्याआधीच दोन-चार कागदांवर काढून ठेवावा. नाहीतर गाडी भिलाईत, अर्ज नागपुरात आणि ठसा कुठेच नाही, अशी गत होते. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिलं असं समजलं जाईल, असं कलम ४८ म्हणतं. हे वाक्य पाठ असलेला अर्जदार खिडकीपाशी उभा राहिला, की बोलण्याचा सूर पुष्कळदा बदलतो.

यानंतर दुर्गच्या परिवहन कार्यालयात नव्या नंबरासाठी अर्ज करायचा आणि छत्तीसगडचा कर भरायचा. मग गाडीला सी.जी. ०७ चा नंबर मिळतो. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करापैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण तो मागावा लागतो, आपोआप येत नाही. पुष्कळ लोक दोन राज्यांना कर भरून गप्प बसतात. हा पैसा सोडण्याचं काहीच कारण नाही. सुट्टीत गावी जाताना नव्या नोंदणीची प्रत आणि जुन्या कराची पावती बरोबर घेतली, तर त्याच फेरीत अर्ज देता येतो.

२०२१ च्या सप्टेंबरपासून केंद्र सरकारने 'बी.एच.' मालिका सुरू केली. या नंबरची गाडी राज्य बदललं तरी पुन्हा नोंदवावी लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. केंद्र आणि राज्य सरकारचे नोकर, सैन्यातले लोक, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी यांना ती मिळते. म्हणजे रेल्वे आणि पोलाद कारखाना या दोन्ही ठिकाणच्या लोकांना ती घेता येते. खाजगी नोकरीत असाल, तर कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असली पाहिजेत. लहानशा दुकानासाठी, शिकवण्यांसाठी किंवा ठेकेदाराच्या हाताखाली आलेल्या माणसाला मात्र ही सोय नाही. पोटासाठी गाव सोडणारा फक्त मोठ्या कचेरीतलाच असतो, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं.

विमा आहे, पण...

कागदांची ही कटकट पुढे ढकलण्याकडे घरोघरी कल असतो. गृहिणीने आठवण केली, तर 'कोण विचारतंय?' हे ठरलेलं उत्तर. विचारतं कोण ते गाडी चोरीला गेल्यावर कळतं.

३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. राजस्थानात राहणाऱ्या एका गृहस्थाने पंजाबात चारचाकी गाडी घेतली. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली, कायमची झालेली नव्हती. नऊच दिवसांनी जोधपूरला एका अतिथीगृहाबाहेर रात्री उभी केलेली गाडी चोरीला गेली. विम्याचा हप्ता भरलेला होता, पोलिसांत तक्रारही झाली. तरीही वैध नोंदणीशिवाय गाडी बाहेर काढणं हा कराराचा मूलभूत भंग आहे, असं म्हणून न्यायालयाने भरपाई नाकारण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला. तात्पुरत्या नोंदणीचं हे प्रकरण आणि बारा महिने उलटलेली मोटरसायकल या दोन गोष्टी अगदी एकच नाहीत, हे खरं. पण लाख-दोन लाखांच्या गाडीसाठी हा वाद आपल्या नावावर लढून पाहण्याची हौस कुणाला असणार?

नवा पत्ता विमा कंपनीला लेखी कळवणं, पॉलिसीवर त्याची नोंद करून घेणं आणि नंबर बदलला की तोही पॉलिसीवर चढवणं, ही कामं अर्ध्या तासाची आहेत. प्रदूषणाचं प्रमाणपत्र संपलेलं नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहावं.

धूळ, ऊन आणि मिस्त्री

कागद एकदा झाले, की झाले. गाडीची खरी परीक्षा रोजची असते. भिलाई-३ मधून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड म्हणजे रायपूर-दुर्ग रस्ता. त्यावर पोलाद, सिमेंट आणि कोळशाच्या मालमोटारी रात्रंदिवस धावतात. रस्त्याच्या कडेला मुरुमाची तांबडी धूळ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि लगेच जूनअखेर धो धो पाऊस. एवढ्या सगळ्यांत हवेने थंड होणारं साडेतीनशे सी.सी.चं इंजिन फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत चालू ठेवलं, तर ते तापणारच. थांबा लांबणार असं दिसताच ते बंद करावं.

कंपनीच्या पुस्तिकेत हवेची जाळी किती किलोमीटरला बदलायची ते लिहिलेलं असतं. पण 'धुळीच्या प्रदेशात अधिक वेळा' ही खालची बारीक अक्षरातली ओळ भिलाईकरांसाठीच असते. जाळी तुंबली, की गाडी पेट्रोल जास्त पिते, ओढ कमी होते आणि माणूस इंजिनाला दोष देतो. साखळीचंही तसंच. धुळीवर तेल चोपडलं, तर त्याची खरकागदासारखी लुगदी होते आणि दातेरी चक्रं झिजतात. आधी रॉकेल किंवा साखळीसाठी मिळणारा द्रव वापरून ती ब्रशने पुसावी, मगच वंगण द्यावं. पावसाळ्यात हे काम दर आठवड्याचं समजावं. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. उन्हात तापलेल्या टायरची मोजणी फसवी असते.

इथे पहिला पेच पडतो, तो मिस्त्रीचा. गावाकडे वर्षानुवर्षं एकच मिस्त्री गाडी हाताळत आलेला असतो. नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिले झाले की साखळी, ते त्याला कळतं. नव्या गावात मराठी नंबर पाहून भाव दीडपट सांगणारा कुणी भेटलाच, तर नवल नाही. यावर एक साधा उपाय आहे. पहिल्यांदाच मोठं काम द्यायचंच नाही. तेल बदलणं, क्लचची तार बदलणं असली लहान कामं द्यावीत आणि शेजारी उभं राहून पाहावं. नट योग्य पान्याने सोडवतो की छिन्नी-हातोडीने, काढलेले सुटे भाग कागदावर मांडतो की मातीत, जुना भाग परत देतो की नाही, या तीन गोष्टींवरून माणूस ओळखता येतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊंना विचारलं, तर तेही एखादा भरवशाचा पत्ता देतातच.

जुन्या आणि नव्या गाडीत मात्र फरक करायला हवा. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट, जिचा गिअर उजव्या पायाला असे, किंवा म्हैसूरला १९९६ पर्यंत बनलेली येझदी ही झाडाखालचा मिस्त्रीही उघडू शकतो. अडचण येते ती सुट्या भागांची. ते कधी रायपूरहून आणावे लागतात, तर कधी थेट नागपूरहून. म्हणून क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा, प्लग, एक ट्यूब, फ्यूज आणि साखळीची जोडकडी घरात असू द्यावी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज-६ गाड्यांची गोष्ट वेगळी. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. त्यांचा दोष कानाने नव्हे, यंत्र जोडून कळतो. अशा गाडीला अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय कमी. बॅटरी उतरली, तर किक नसलेल्या गाडीपुढे हात टेकावे लागतात. महिनाभर सुट्टीवर जाताना बॅटरीची तार सोडून ठेवणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा शोषून घेतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तपासून बदलून घ्याव्यात. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने उभी ठेवू नये, आतून गंज धरतो.

सातासमुद्रापार

आपल्याच देशात एवढा खटाटोप, मग परदेशात काय होत असेल? परवान्यापासूनच सुरुवात होते. भारतातल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. त्यासाठी नमुना ४ अ भरायचा आणि हजार रुपये शुल्क. तो वर्षभरच चालतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचा भारतीय परवाना सहा महिन्यांनी निरुपयोगी होतो, मग तिथली परीक्षा द्यावी लागते. जपानमध्ये चारशे सी.सी.पर्यंतच्या गाड्यांचा परवाना वेगळा आहे. अडीचशेच्या वरच्या गाडीला सक्तीची सरकारी तपासणी, नवीन असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. तिचा खर्च वाचावा म्हणून अडीचशेच्या आतलीच गाडी घेणारे तिथे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के जी.एस.टी. झाल्यापासून हाच हिशेब मांडला जाऊ लागला आहे.

भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना बुलेटचं भारी वेड. गोव्यात किंवा दिल्लीत जुनी बुलेट घ्यायची, हिमालयापर्यंत जायचं आणि परतताना विकून टाकायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यात गाडी अनेकदा पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. एका हातातून दुसऱ्या हातात नुसती चावी जाते, नाव जात नाही.

आणि आपली माणसं? मुंबईचा एक तरुण ३९० सी.सी.च्या मोटरसायकलवरून मुंबईहून निघून कित्येक देश ओलांडत इंग्लंडला पोहोचला. ऑगस्ट २०२५ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळ तो न्याहारीसाठी थांबला असताना गाडी सामानासकट चोरीला गेली. हजारो किलोमीटरच्या वाटेत जिने दगा दिला नाही, ती चहाच्या कपाएवढ्या वेळात गेली. पुढे जवळच्याच मॅन्सफील्डमधल्या एका मोटरसायकलच्या दुकानाने त्याला दुसरी गाडी दिली, म्हणून प्रवास थांबला नाही. लांबच्या मुक्कामाला पासपोर्ट गाडीवरच्या पेटीत न ठेवता अंगावरच ठेवावा, हे अशा प्रवाशांच्या घरच्यांनी निघतानाच बजावायला हवं.

निघताना

भिलाईचा मुक्काम संपून पुन्हा बदली झाली, की गाडी बरोबर न्यायची की विकायची हा प्रश्न येतो. घाईच्या दिवसांत शेजारच्याच कुणाला ती विकली जाते. पैसे हातात, चावी त्यांच्या हातात, 'कागद नंतर बघू, भाऊ.' हे 'नंतर' फार महागात पडू शकतं. एक गाडी अशीच एकामागून एक हातांतून गेली. २००९ मध्ये तिने झालेल्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि ६ फेब्रुवारी २०१८ ला निकाल लागला, की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याने ती गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती, तो पहिला मालक त्यात सापडला.

त्याच राज्यात विकली तर चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकली तर पंचेचाळीस दिवसांत विकणाऱ्याने नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. सामान ट्रकमध्ये चढवण्याच्या आदल्या आठवड्यात, घेणाऱ्याला बरोबर घेऊन दुर्गच्या कार्यालयात एक फेरी मारावी, सह्या तिथेच कराव्यात आणि पोचपावती मिळाल्यावरच दुसरी चावीही देऊन टाकावी.