आपलं गाणं, आपलं नाव

बँड म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लग्नाची वरात, लाल डगले, चमकणारे कर्णे आणि पुढं नाचणारी पोरं! आमच्या राणीसावरगावात तरी बँडचा अर्थ हाच. नवरात्रात रेणुकामातेच्या देवळात संबळ वाजतं, आराधी बायका देवीची गाणी म्हणतात, पण त्याला कुणी बँड म्हणत नाही. आणि कॉलेजला जाणारं पोरगं कानात बोंडं घालून जे ऐकत बसतं, त्याला तर आपण सरळ ‘धिंगाणा’ म्हणून मोकळ्या होतो.

तर मैत्रिणींनो, आज त्या धिंगाण्याबद्दलच बोलायचंय. कारण त्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा मेळ. एकदोन विजेवरच्या गिटारी, एक जाड तारांची खर्जातली गिटार (तिला बेस म्हणतात), ड्रम आणि गाणारा. १९८० नंतर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काही मुलामुलींना वाटलं की, मोठ्या कंपन्यांना खपणारी तीच ती गाणी किती दिवस वाजवायची? त्यांनी छोट्या कंपन्यांकडून, कॉलेजच्या रेडिओवरून आपली वेगळी गाणी लोकांपुढं आणली. त्याला पुढं ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ असं नाव पडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर मळलेली वाट सोडून काढलेली पायवाट.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडं कुठं आलंय? आलंय ना, मुंबईतच आलंय. १९८४ साली तिथं ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. महेश तिनईकर, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया, उदय बेनेगल ही त्यातली पुढं गाजलेली नावं. त्या काळी आपल्याकडच्या रॉक बँडचं काम एवढंच, की परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची. ऐकणाऱ्यांना तेच हवं असायचं. या मंडळींनीही सुरुवातीला तेच केलं. कॉलेजांचे महोत्सव, गावोगावचे कार्यक्रम, सामान बांधा आणि निघा. हात त्यातूनच बसला.

पण दुसऱ्याचं गाणं कितीही छान म्हटलं तरी ते दुसऱ्याचंच. त्यांनी आपली गाणी लिहायला घेतली. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा संच आला, १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ आला. आणि १९९३ मध्ये त्यांनी चक्क नाव बदललं! नऊ वर्षांत कमावलेलं नाव सोडून ‘इंडस क्रीड’ असं नवं नाव घेतलं. इंडस म्हणजे आपली सिंधू नदी. गाणी इंग्रजीच, पण आपण कुठल्या मातीतले हे नावातच सांगितलं. त्याच सुमाराला त्यांची गाणी एमटीव्हीवर झळकू लागली.

पुढं १९९७ साली बँड बंद पडला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा बँड काढला. इथं गोष्ट संपायची. पण २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. सोबत रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे पुढच्या पिढीतले दोन वादक घेतले. जुन्या गाण्यांवर टाळ्या घेऊन गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण २०१२ मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा संच काढला. इव्हॉल्व्ह म्हणजे हळूहळू घडत, बदलत जाणं. केस पिकायच्या वयात घडत जायची भाषा! मला तर हे फार आवडलं.

पण एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. या सगळ्या यादीत बाई एकही नाही. म्हणून जरा लांब, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जाऊ. तिथल्या डेटन गावची किम डील. १९८६ साली बॉस्टनमध्ये ‘पिक्सीज’ नावाचा बँड जमत होता. बेस वाजवणारं माणूस हवंय, अशी त्यांनी जाहिरात दिली. किमनं ती वाचली आणि गेली. बरं, तिला येत होती साधी गिटार. बेस जुळ्या बहिणीची मागून आणली!

गंमत पुढंच आहे. १९८७ आणि १९८८ मधल्या पिक्सीजच्या पहिल्या दोन रेकॉर्डवर तिचं नाव छापलंय ‘मिसेस जॉन मर्फी’, म्हणजे नवऱ्याचं नाव. बायकांना नवऱ्याच्याच नावानं ओळखण्याची जी रीत, तिला तिनं काढलेला तो चिमटा होता. आपल्याला हा चिमटा लगेच कळतो. लग्नपत्रिकेपासून बचत गटाच्या रजिस्टरपर्यंत ‘सौ.’ लागतं, पुढं यांचं नाव येतं आणि आपलं स्वतःचं नाव कुठं तरी मध्येच अंग चोरून बसतं.

पिक्सीजमध्ये बहुतेक गाणी गायकाची असत. किमच्या गाण्यांना जागा थोडी. तिच्यासारखीच टान्या डोनेली, ‘थ्रोइंग म्युझेस’ या बँडमधली. दोन्ही बँडनी १९८८ साली युरोपात मिळून दौरा केला, तिथं दोघींची गट्टी जमली. दौरे करून तयार झालेल्या या दोघींनी ‘द ब्रीडर्स’ हा बँड काढला. बेस वाजवायला इंग्लंडची जोसेफिन विग्ज आली. १९९० मध्ये पहिला संच आला, ‘पॉड’.

पुढं टान्या वेगळी झाली. तेव्हा किमनं जुळी बहीण केली हिला बोलावलं. केली नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली, आणि गिटार काही धड येत नव्हती. ती शिकली! १९९३ मध्ये ‘लास्ट स्प्लॅश’ आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. सगळं गोडच झालं असं नाही हं. केली व्यसनात अडकली, बँड थांबला, तिला उपचार घ्यावे लागले. पण ती सावरली. २०१३ मध्ये त्या पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या, २०१८ मध्ये ‘ऑल नर्व्ह’ हा नवा संच काढला. तेव्हा दोघी बहिणी साठीच्या जवळ आल्या होत्या.

हे सगळं वाचताना मला आपल्या गंगाखेडची जनाबाई आठवत राहते. संत नामदेवांच्या घरी राबणारी बाई. दळण, कांडण, पाणी यातून तिला उसंत कुठली? तरी तिनं अभंग रचले. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवलं, पण अभंगात ‘जनी’ हे नाव घातलंच. म्हणून तर सातशे वर्षांनी आपण ते तिचे म्हणून गातो.

आता आपल्या भजनी मंडळाकडं बघू. गळे एकेकीचे काय गोड! टाळ आपल्या हातात, चाली तोंडपाठ. पण पेटी आणि तबला? त्याला मात्र कुणीतरी भाऊ, दादा, काका लागतात. ते शेतावर अडकले, परगावी गेले की आपला कार्यक्रम रद्द. वर्षानुवर्षं गाणाऱ्या बायका, आणि एका पेटीवाचून घरी बसायचं! पेटी बायकांना जमत नाही असं कुठं लिहिलंय? केलीला गिटार तिशीनंतर आली, मग आपल्याला चाळिशीत पेटीचे चार सूर का येऊ नयेत?

घरच्यांचा प्रश्न असतो, ‘या वयात आता कशाला?’ त्याला उत्तर असं, की इतकी वर्षं मागं बसून ऐकलं, साथ केली, तीच आपली शाळा होती. रॉक मशीनची शाळा दुसऱ्यांच्या गाण्यांत झाली, किमची दुसऱ्याच्या बँडमध्ये झाली. ती वर्षं वाया गेली नाहीत. फक्त शाळा संपल्यावरही तिथंच बसून राहायचं नसतं.

म्हणून एक सुचवते. बचत गटात दरमहा जमतात तशा मंडळातल्या पाच-सहा जणींनी थोडे थोडे पैसे बाजूला टाकावेत. जुनी, चांगल्या स्थितीतली पेटी बघावी आणि शिकवणाऱ्या दादांना आठवड्यातून एक दिवस बोलवावं. दोघी पेटीवर बसा, दोघी तबल्यावर. सहा महिने बेसूर होईल, शेजारचे नाकं मुरडतील, मुरडू द्यात. आणि येत्या नवरात्रात मंडळाची पाटी रंगवाल, तेव्हा त्यावर प्रत्येकीचं नाव घाला. अमक्याची सौ. किंवा तमक्याची आई असं नको. बारशाला कानात सांगितलं होतं ना, किंवा सासरी आल्यावर ठेवलेलं आता आपलंसं झालंय ना, ज्या नावानं हाक मारली की तुम्ही वळून बघता, तेच घाला.