चाचणी साधन-फायली
संगणकीय आज्ञावलीची चाचणी घेताना लागणाऱ्या, परंतु स्वतः आज्ञावलीचा भाग नसलेल्या फायली. नमुना माहिती, अपेक्षित उत्तरे, चाचणीपुरती ठरविलेली मूल्ये इत्यादींचा त्यांत समावेश होतो.

जावा भाषेतील आज्ञावलींच्या बांधणीसाठी मेव्हन (पहिली आवृत्ती २००४) हे साधन वापरतात. त्याच्या संकेतानुसार या फायली ‘एसआरसी/टेस्ट/रिसोर्सेस’ या फोल्डरात, तर ग्राहकाकडे जावयाच्या साधन-फायली ‘एसआरसी/मेन/रिसोर्सेस’ या फोल्डरात ठेवतात. बांधणीच्या वेळी चाचणी-फायलींची नक्कल ‘टार्गेट/टेस्ट-क्लासेस’ येथे केली जाते. अंतिम जार फायलीत मात्र त्या समाविष्ट होत नाहीत. हे विभाजन न पाळल्यास चाचणीची बनावट माहिती ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

चाचणीच्या वेळी फायलीचा शोध प्रथम चाचणी-विभागात घेतला जातो. त्यामुळे दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असल्यास चाचणीची फाइल वापरली जाते. ही सोयीची गोष्ट असली, तरी मूळ फायलीतील चूक तीमुळे झाकली जाऊ शकते.

नक्कल करताना फायलीतील ठराविक खुणांच्या जागी प्रत्यक्ष मूल्ये भरण्याचीही सोय असते. ती केवळ मजकुराच्या फायलींनाच लावावी; चित्रांच्या किंवा संपीडित फायली तिच्यामुळे बिघडू शकतात आणि आज्ञावली निर्दोष असूनही चाचणी असफल ठरते.