वीज गेली म्हणून वाचलेला सर्व्हर

‘आमचा डेटा क्लाउडवर आहे, मग रॅन्समवेअरची भीती कशाला?’ असं अनेक उद्योजक विचारतात. २७ जून २०१७ला ‘नॉटपेट्या’ या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘मर्स्क’ या बलाढ्य जहाज कंपनीला गाठलं, त्या हल्ल्यात याचं उत्तर आहे. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं या समूहाचं टर्मिनलही तेव्हा ठप्प झालं होतं.

नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण नॉटपेट्या एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि ते वापरून पॅच केलेल्या संगणकांतही घुसायचा. म्हणूनच अ‍ॅडमिनचा पासवर्ड रोजच्या कामाच्या संगणकावर वापरू नये. खंडणीची मागणी तर निव्वळ देखावा होती. पैसे भरूनही फाइली परत मिळणार नव्हत्या.

कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, हे ठरवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक बिघडला तर दुसरा होताच. सगळे एकदम पुसले जातील, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वाचला तो फक्त घानातला सर्व्हर, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती! तिथलं इंटरनेट इतकं संथ की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. डेटा इंग्लंडला न्यायचा, तर घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग हार्डडिस्क नायजेरियाच्या विमानतळावर सहकाऱ्याच्या हाती दिली गेली आणि तिथून ती इंग्लंडला पोहोचली. त्यानंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

क्लाउडचंही तेच. सिंक, म्हणजे प्रती सतत जुळवत राहणं, हे बॅकअप नव्हे. मूळ फाइल कुलूपबंद झाली की सिंक झालेली प्रतही कुलूपबंद होते. आताचे हल्लेखोर तर आधी बॅकअपच शोधून पुसतात. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडलेलीच हवी. त्यातही २०१९पासून डेटा चोरून तो जाहीर करण्याची धमकी देणाऱ्या टोळ्या वाढल्या आहेत, आणि तिथे बॅकअपचा उपयोग नाही. ग्राहकांची नको असलेली जुनी माहिती वेळीच काढून टाकणं, हा त्यावरचा एक स्वस्त उपाय.

हल्ला झालाच, तर तो लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. पण त्याआधी, याच महिन्यात एक रविवार काढा. कोऱ्या संगणकावर फक्त बॅकअपमधून टॅली आणि बिलं उभी करून बघा, आणि किती तास लागले ते लिहून ठेवा.