मांडीवरचा प्रवासी

ओझरच्या धांवपट्टीवर दोन तऱ्हांचीं विमानें उतरतात. एक तेथल्या कारखान्यांतलीं लढाऊ विमानें, आणि दुसरीं उतारूंना नेणारीं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ सालीं मिग विमानांसाठीं निघाला. पुढें सुखोई विमानेंहि तेथें बांधलीं गेलीं. उतारूंची स्वतंत्र इमारत मात्र २०१४ सालची. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला खांद्यांवरून व कमरेवरून पट्टे आवळून आसनाशीं जखडून टाकतात. त्याच धांवपट्टीवरून उडणाऱ्या दुसऱ्या विमानांत दीड वर्षाचें मूल आईच्या मांडीवर, तिच्या दोन हातांच्या भरंवशावर बसलेलें असतें. हा भरंवसा कितपत खरा आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्याकडील नियम असा कीं, दोन वर्षें पुरीं न झालेल्या मुलासाठीं वेगळें आसन घेण्याची सक्ती नाहीं. भाडें अल्प पडतें. वयाचा दाखला तेवढा जवळ असावा लागतो. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल, आणि संकटकाळच्या दाराजवळील रांगेंत मुळींच नाहीं. जातांना मूल दोन वर्षांच्या आंतलें आणि परततांना वरचें, असें झालें तर परतीला त्याचें स्वतःचें आसन घ्यावें लागतें. ही तारीख पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. एस. टी. च्या गाडीला एकाएकीं ब्रेक लागला म्हणजे उभा माणूस पुढें फेंकला जातो. कारण गाडी थांबली तरी त्याच्या अंगाचा वेग थांबलेला नसतो. विमान जोरानें आदळून थांबतांना हेंच घडतें, पण फार मोठ्या प्रमाणावर. गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटका बसला, तर दहा किलोंचें मूल हातांना नव्वद किलोंचें भासेल. नव्या विमानांचीं आसनें तर सोळापट झटक्याला टिकतात कीं नाहीं, हें पाहून घेतलेलें असतें. म्हणजे आसन टिकेल, आई टिकेल, पण दीडशें किलोंहून अधिक ओढ तिच्या हातांना कशी सोसेल? येथें मायेचा कांहीं उपाय चालत नाहीं. हा हिशेब नुसत्या वजनाचा आहे.

अमेरिकेंत १९ जुलै १९८९ रोजीं हा हिशेब खरा ठरला. शेपटाकडील इंजिन फुटून सुकाणूच निकामी झालेलें एक मोठें विमान सू सिटी येथें आदळलें. त्यांत २९६ माणसें होतीं. त्यांपैकीं ११२ दगावलीं. चार मुलें मांडीवरचीं होतीं. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणें मुख्य सेविका जॅन ब्राऊन यांनीं आईबापांना सांगितलें कीं, मुलांना पायांशीं जमिनीवर ठेवा आणि धरून बसा. तीन मुलें वांचलीं. चौथें आईच्या हातून निसटलें व दगावलें. बाहेर पडल्यावर ती माता ब्राऊनबाईंनाच भेटली. पुढें अनेक वर्षें या बाईंनीं एकच मागणी लावून धरली: प्रत्येक मुलाला त्याचें आसन व त्याचा पट्टा मिळावा. अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील मंडळानेंहि हीच शिफारस पुनःपुन्हा केली आहे. परंतु सरकारनें सक्ती केली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, जादा तिकिटाच्या खर्चामुळें कुटुंबें मोटारीनें जाऊं लागतील, आणि रस्त्यावर विमानाहून पुष्कळ अधिक मुलें दगावतील. हा युक्तिवाद मनाला रुचत नाहीं, पण खोटाहि म्हणतां येत नाहीं. कसाऱ्याचा घाट ज्यांनीं पावसाळ्यांत उतरला आहे, त्यांना तो सहज समजेल.

मांडीवरच्या मुलासाठीं एक आंखूड पट्टा मिळतो; तो आईच्या पट्ट्यांत ओंवून मुलाच्या कमरेभोंवतीं बांधतात. युरोपांत तो सक्तीचा आहे. अमेरिकेंत उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं त्याला मनाई आहे, कारण जोराचा झटका बसल्यास आईचें अंग मुलावर चेंगरतें. हवेंतल्या हिसक्यांत मात्र मूल छताकडे फेंकलें जाऊं नये, एवढें काम तो करतो. म्हणून तो दिला असेल तर प्रवासभर बांधून ठेवावा. एकच मोठा पट्टा स्वतःभोंवतीं व मुलाभोंवतीं मिळून बांधण्याची कांहींजणांना संवय असते. ती सर्वांत वाईट.

रडण्याविषयींहि थोडें सांगावेंसें वाटतें, कारण शेजारच्या उतारूंच्या कपाळावरील आठ्या पाहून आईला वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें. तसें नाहीं. उंचावरून जातांना विमानांतील हवेचा दाब २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरूं शकतो. आपलें कळसूबाई शिखर १६४६ मीटरच आहे. उतरूं लागतांच हा दाब वाढतो. कान व घसा यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद व आडवी असते. ती वेळेवर उघडली नाहीं कीं कानाचा पडदा आंत ओढला जाऊन दुखूं लागतो. गिळतांना ती उघडते. म्हणून दूध चढतांनाच संपवूं नये; उतरण्याच्या अर्ध्या तासासाठीं राखून ठेवावें, आणि मूल झोंपलें असल्यास जागें करावें. सर्दीनें कान दाटले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूं नये. झोंपेचें औषध घरच्याघरीं देऊं नये.

खर्च झेंपत असेल, तर मुलासाठीं वेगळें आसन घेऊन त्यावर त्याची पट्ट्यांची खुर्ची बांधावी, हें माझें स्पष्ट मत आहे. प्रत्येक कंपनी ती चालूं देतेच असें नाहीं; आधीं विचारावें. ही खुर्ची विमानापुरती नव्हे. नाशिकहून ओझर सुमारें वीस किलोमीटर, आणि तेवढ्या मुंबई–आग्रा रस्त्यावरहि मूल बहुधा पुढच्या आसनावर कोणाच्या तरी मांडीवरच असतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें वा अशा खुर्चींत न बसवणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. खुर्ची विमानांत वापरण्याजोगी असल्यास तसें तिच्यावर छापलेलें असतें. विकत घेतांनाच तें पाहावें, आणि तिची रुंदी मोजून घ्यावी.