दूरचित्रवाणीवरील वृत्तकथा

दुष्काळाची वार्ता आकड्यांनीं कळते; पण आकडे ऐकून कोणाचा घास हातांतच राहिल्याचें सहसा ऐकिवांत नाहीं. १९८४ सालीं एका वृत्तकथेनें मात्र तें घडविलें. त्या वर्षीं इथिओपियांत लक्षावधि लोक उपासमारीनें ग्रासले होते. २३ ऑक्टोबर रोजीं बीबीसीनें तेथील कोरेम गांवच्या छावणीचें सुमारें सात मिनिटांचें वृत्त दाखविलें. निवेदन मायकेल बर्क यांचें होतें, चित्रण मोहमद अमीन यांचें. वृत्तकथेची रचना कशी असते, हें त्यावरून चांगलें समजतें.

प्रथम आरंभ पाहूं. मंत्र्याचें निवेदन, नकाशा किंवा आकडा पुढें न करतां हें वृत्त प्रेक्षकाला पहांटेच्या वेळीं कोरेमच्या माळावर नेऊन उभें करतें. आपल्या व्रतांच्या कहाण्या आटपाट नगरापासून सुरू होतात, त्यांतलें मर्म हेंच. आधीं स्थळ व काळ, मग माणसें, आणि त्यानंतर त्यांच्यावर ओढवलेला प्रसंग.

दुसरें अंग शब्दांचें. चित्रांत दिसतें तें निवेदकानें पुन्हां सांगूं नये. जें दिसूं शकत नाहीं तेवढेंच सांगावें. धुकें कॅमेऱ्याला टिपतां येतें, हाडांत शिरणारी थंडी टिपतां येत नाहीं. म्हणून बर्क थंडीचा उल्लेख करतात. प्रेत दिसतें, पण दर वीस मिनिटांस एक जीव जातो, हें शब्दांवांचून कळत नाहीं.

तिसरें अंग निवडीचें. हजारोंच्या समुदायांतून एक आई आणि तिचें तान्हें मूल वेगळें काढून दाखविलें, म्हणजे परक्या देशाचें दुःख पाहणाऱ्याला आपल्या घरचें वाटूं लागतें.

परिणाम जगजाहीर आहे. अनेक देशांत तीं चित्रें दाखविलीं गेलीं. १३ जुलै १९८५ रोजीं लंडन व फिलाडेल्फिया येथें ‘लाइव्ह एड’ हा संगीताचा जलसा झाला आणि मदतीचा ओघ वाढला.

परंतु याच कौशल्यांत एक धोका आहे. कॅमेऱ्यापुढें कोरडी भूमि व भुकेले जीव होते. टिग्राई व एरिट्रिया येथील बंडखोरांशीं सरकारचें चाललेलें युद्ध त्या चौकटींत मावत नव्हतें. अवर्षण हें दुष्काळाचें एक कारण. युद्ध व सरकारी धोरण हींहि मोठीं कारणें होतीं. सरकारनें दुष्काळग्रस्तांना सक्तीनें दूरच्या प्रांतांत हलविलें. त्याचा निषेध करणाऱ्या एका फ्रेंच वैद्यकीय संस्थेच्या पथकाला १९८५ च्या अखेरीस देशाबाहेर घालविण्यांत आलें. असल्या गोष्टी केवळ करुण चित्रांवरून उमगत नाहींत.

म्हणून वृत्तकथा पाहून डोळे भरून आले तर त्यांत कमीपणा नाहीं. त्या दयेमुळेंच अनेकांच्या मुखीं अन्न पडलें. मात्र डोळे पुसल्यावर घरांतल्या माणसांनीं एकमेकांस विचारावें, कीं हें संकट कशामुळें आलें, त्याला जबाबदार कोण, आणि कॅमेरा कोठें गेला नाहीं? त्यांचीं उत्तरें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत शोधावीं.