जुन्या गाडीवर धंदा चालवताय? मग टोइंगचं कलम आधी वाचा



रायगडच्या किनाऱ्यावर धंदा सुरू करणाऱ्याची पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँडच असते. दहा-बारा वर्षं वापरलेली ऑल्टो, वॅगनआर, नाहीतर ईको. कोणी त्यात मासळी भरतं, कोणी पांढऱ्या कांद्याच्या माळा, कोणी होमस्टेचं किराणा सामान. यात कमीपणा काही नाही. नव्या गाडीचा हप्ता फेडत बसण्यापेक्षा ते पैसे मालात घाला, हे मी व्हिडिओतही सांगत असतो.

पण जुनी गाडी घेतली की एक प्रश्न हमखास येतो : "सर, पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलंय. मग सर्व्हिसिंग तीन-चार महिने पुढे ढकललं तर चालेल ना?"

नाही चालणार. का, ते नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते.

आपल्याकडची खासगी कारची विमा पॉलिसी अपघात, चोरी, आग, पूर, वादळ अशा गोष्टींसाठी आहे. गाडी जुनी झाली म्हणून झालेली झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड हे त्यातून स्पष्ट वगळलेले आहेत. क्लच गेला, रेडिएटर फुटला, अल्टरनेटर बसला, तर खर्च तुमचा. गाडी उचलून गॅरेजला नेण्याचे पैसे साध्या पॉलिसीतही मिळतात, पण एका अपघातामागे जास्तीत जास्त १,५०० रुपये. शब्द पुन्हा वाचा : अपघातामागे. सुकेळी खिंडीत गाडी आपणहून बंद पडली तर तो अपघात नव्हे.

रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे आरएसए, हे वरून घेतलेलं वेगळं कव्हर. त्यात बॅटरीला जंप स्टार्ट, पंक्चरसाठी मदत, संपलेलं इंधन आणून देणं, किल्ली आत राहिली तर दार उघडणं, रस्त्यावर होण्याजोगी किरकोळ दुरुस्ती आणि ठरावीक किलोमीटरपर्यंत टोइंग येतं. म्हणजे आरएसए गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवतं. गॅरेजचं बिल भरत नाही. आणि टपात बर्फ वितळून गेला तर त्या मासळीचे पैसे तर कोणीच देत नाही.

आणखी एक गंमत. जुन्या गाडीला बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. स्वस्त पडतो, १,००० सीसीच्या आतल्या खासगी कारचा दर १ जून २०२२ पासून वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी असा ठरला. पण आरएसए हे बहुतेक ठिकाणी ओन डॅमेज कव्हरसोबत दिलं जातं. नुसत्या थर्ड पार्टीला ते जोडून मिळेलच असं नाही. मग वेगळा आरएसए प्लॅन घ्यावा लागतो, आणि त्यातले काही प्लॅन ठरावीक वयापुढची गाडी घेतच नाहीत. (३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या पट्ट्यात किती झाडं पडली ते तुम्ही पाहिलंय. नुसत्या थर्ड पार्टीवाल्या गाडीवर झाड पडलं, तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही.)

आता सर्व्हिसिंगचा संबंध कुठे येतो?

पॉलिसीच्या अटींमध्ये एक अट असते, जी कोणी वाचत नाही : गाडी चांगल्या, कार्यक्षम स्थितीत ठेवण्यासाठी मालकाने वाजवी ती सगळी काळजी घेतली पाहिजे. तिच्याच जोडीला दुसरी अट. बिघाड झाल्यावर दुरुस्ती न करता गाडी तशीच पुढे दामटली, तर त्यातून वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेलाय आणि तुम्ही म्हणताय "पोयनाडपर्यंत तर जाऊ", तर हेड गॅस्केट गेल्यावर कोणाकडे बोट दाखवणार?

आरएसएवाल्यांचे नियम कंपनीगणिक बदलतात, पण साधारण तऱ्हा अशी की वर्षात ठरावीक वेळाच बोलावता येतं, आणि तोच बिघाड दुरुस्त न करता पुन्हा पुन्हा बोलावलं तर ते नकार देऊ शकतात. बॅटरी मेली आहे हे माहीत असून रोज सकाळी जंप स्टार्टला माणूस बोलावणं म्हणजे आरएसए वापरणं नव्हे, संपवणं. ऐन गणपतीत, हायवेवर खरी गरज पडेल तेव्हा कोटा शून्य. सर्व्हिसिंग नियमित असेल तर हे कॉल शिल्लक राहतात. माझ्या मते सर्व्हिसिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो कोणत्याही ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायला हवं का? एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर हो. तिथे वेळापत्रक आणि अधिकृत सेंटर या दोन्हींवर वॉरंटी टिकून असते. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बहुधा ती उरलेलीच नसते, त्यामुळे गावातला ओळखीचा मेस्त्री उत्तम. फक्त त्याच्याकडून बिल घ्या. साधं छापील पावती पुस्तक चालेल, पण त्यावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि काय बदललं हे असलंच पाहिजे. तिथेच फोटो काढून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. "ऑइल बदललं, दिले दोन हजार" असं तोंडी काम झालं, तर उद्या वाद झाल्यावर तुमच्या हातात काही नसतं. गाडी विकतानाही हीच बिलं भाव मिळवून देतात.

आता आपल्या किनाऱ्याचं. पुण्याच्या गाडीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. खारी हवा आधी बॅटरीच्या टर्मिनलला आणि अर्थिंगच्या वायरला खाते. सेल्फ मारला की नुसती टकटक, आणि आपण उगाच नवी बॅटरी घेतो. टर्मिनल साफ करून वर पेट्रोलियम जेली लावायला पाच मिनिटं पुरतात. मासळीची वाहतूक असेल तर बर्फाचं खारट पाणी मॅटखाली झिरपतं आणि फ्लोअरचा पत्रा आतून सडतो. टपाखाली जाड प्लास्टिक घाला, आठवड्यातून एकदा मॅट उचलून आतून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय सोडा. त्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकचे पाइप आणि खालचा पत्रा तपासा. सायलेन्सर गंजला तर आवाज येतो, ब्रेकचा पाइप गंजला तर आवाज येत नाही.

पावसाळ्यात नागोठण्याला अंबेचं पाणी चढलं आणि गाडी त्यात बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी खेचलं जाऊन झालेलं नुकसान हा परिणामी तोटा म्हणून नाकारला जातो. त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर लागतं आणि जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. ढकलून बाजूला घ्या, टो करा. आणि पाहुण्यांना हौस म्हणून गाडी काशीदच्या वाळूत घालू नका. रुतलेली गाडी काढणं बऱ्याच प्लॅनमध्ये बसत नाही, शेवटी ट्रॅक्टरवाल्याला रोख मोजावे लागतात.

सगळ्यात नाजूक मुद्दा वापराचा. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणं आणि मालवाहतूक करणं वगळलेलं असतं; नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुणे आणून त्यांच्याकडून भाडं घेताय, पाटी पांढरी आहे, तर तो भाड्याचा वापर झाला. परमिटचा प्रश्न वेगळाच. रोज वीस किलो मासळी पोहोचवत असाल तर ती मालवाहतूक झाली. अशा वेळी सर्व्हिसिंग कितीही चोख असलं तरी क्लेम अडकू शकतो. माल रोजचाच असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी आणि तिचीच पॉलिसी घ्या. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर चढवून घ्या.

थोडं गणित करू. समजा तुम्ही अलिबाग ते मुरुड आठवड्यातून तीन फेऱ्या मारता. जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर, म्हणजे महिन्याला १,३०० आणि वर्षाला १५,६००. सर्व्हिस बुकात '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं असेल, तर तुमची सर्व्हिसिंग आठ महिन्यांच्या आतच येते. वर्षाची वाट पाहणारा इथेच फसतो. किलोमीटरमागे १ रुपया वेगळ्या डब्यात टाका; वर्षाला १५,६०० जमतात. आता दुसरी बाजू. समजा एका फेरीत ४,८०० रुपयांचा माल जातो आणि नफा १,२०० सुटतो. साळावच्या पुढे गाडी बंद पडून माल खराब झाला, तर चार फेऱ्यांचा नफा गेला. आणि ज्या होमस्टेवाल्या ताई दुपारच्या जेवणासाठी तुमची वाट बघत होत्या, त्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला फोन करतात.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर पेणच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं झालेल्या कारची त्याची फी ५,००० रुपये आहे, आणि गाडी तपासूनच पुढची पाच वर्षं मिळतात. डब्यातले पैसे तिथेही कामी येतील.

आज एक फोन करा, एजंटला किंवा आरएसए कंपनीला. विचारा : माझ्या गाडीच्या वयाला प्लॅन चालतो का? टोइंग किती किलोमीटर मोफत, पुढे किलोमीटरला किती? जवळच्या गॅरेजला नेणार की माझ्या मेस्त्रीकडे? वर्षात किती कॉल? आणि श्रीवर्धनला किंवा दिवेआगरला ट्रक कुठून येतो? ट्रक पनवेलवरून निघणार असेल तर ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे, पण किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांवर ती उपयोगाची नाही. तिथे म्हसळ्याच्या किंवा मुरुडच्या क्रेनवाल्याचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह केलेला हवा. उत्तरं ईमेलवर लेखी मागा आणि सर्व्हिसिंगच्या बिलांच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.